तापलेल्या इंजिनात गार पाणी

डिपस्टिक बाहेर काढली की तिच्या टोकाला काळं ऑइल दिसायला हवं. त्या सकाळी तिच्यावर दुधाचा चहा सांडल्यासारखं काहीतरी होतं. मामांनी ती फडक्यानं पुसली, आत घातली, पुन्हा काढली. पुन्हा तेच. मग त्यांनी ती माझ्या नाकासमोर धरली.

"बघा चिटणीस," ते म्हणाले. "तुमच्या समाजवादाचा चहा झाला."

मामा माझे मामा नव्हेत. आमच्या गाडीच्या तीन ड्रायव्हरांतले ते थोरले, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत. चिटणीस मी. मला तेव्हा एकविसावं सरत होतं, कॉलेज अर्धवट सोडलेलं होतं आणि गाडी मला चालवता येत नव्हती. पण इंजिनात पाण्याची वाट वेगळी आणि ऑइलची वाट वेगळी, एवढं मला ठाऊक होतं. दोन्ही एकत्र आली याचा अर्थ मधली भिंत गेली. ती भिंत ब्लॉकची. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बाकी काहीही गेलं तर बदलता येतं. ब्लॉक गेला तर इंजिन गेलं असंच लोक धरतात.

आदल्या दिवशी गाडी दादांकडं होती. दादा हे दुसरे ड्रायव्हर, पस्तिशीचे, कळंब्याला राहणारे, कमी बोलणारे. तिसरा त्याहून कमी बोलायचा, कारण तो तोंडात सतत तंबाखू धरून असायचा.

ही गाडी आमची कशी झाली ते आधी सांगायला हवं. तिघंही कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका टॅक्सीमालकाकडं होते. पहाटे गाडी धुवायची, दिवसभर चालवायची, संध्याकाळी मालकाच्या घरचं दळणही आणायचं. एके दिवशी तिघांनी दळण आणायला नकार दिला आणि तिघंही रस्त्यावर आले. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. त्यांनी तिघांना एकत्र बसवलं, सगळ्यांनी होतं नव्हतं ते घातलं, आणि एक जुनी फुगीर बोनेटची गाडी घेतली. राधानगरीच्या रस्त्याला वडाप करायचं, म्हणजे वाटेवरची माणसं सीटवर भरून न्यायची, मिळेल ते सारखं वाटून घ्यायचं. पाच सभासद: तीन ड्रायव्हर, वडील आणि मी. मालक कुणी नाही. मंडळाचे नियम मी लिहिले आणि वडिलांनी ते स्वतः जुळवून छापले.

आमच्या घरी भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. फळीवर पत्रकं, गादीखाली पत्रकं, मोरीजवळ खळीचा डबा. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांच्या मथळ्यांवर. वाक्य कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नाही, पत्रकानं शिकवलं: आधी धिक्कार, मग मागणी, शेवटी आवाहन. माणूस सांगत असताना ऐकायचं कसं, हे मात्र त्यात कुठंच नव्हतं.

रविवारी बैठक झाली. टायर रिमोल्ड करणाऱ्या दुकानामागं आमची एक खोली होती, रबराच्या वासानं भरलेली. भिंतीवर आमचे छापील नियम. नियमाप्रमाणं रस्त्यावर जे झालं ते ज्यानं त्यानं बैठकीत सांगायचं. मामांनी विचारायला सुरुवात केली.

"कुठं तापली?"

"राधानगरीकडनं येताना. फॅनचा पट्टा तुटला," दादा म्हणाले.

"तुटल्यावर किती पळवलीस?"

"न्हाय पळवली. वाफ दिसली तसा पुढच्या गावात थांबलो. जुना पट्टा हुता डिकीत, त्यो चढवला."

"त्या गावात रस्त्याला लागून विहीर हाय. मी सोता धा वेळा पाणी घेतलंय तितनं. बोनेट उघडायचं, तासभर इंजिन गार होऊ द्यायचं, मग चालू ठिवून जरा जरा पाणी घालायचं. हे मी तुला सांगाय पायजे व्हय?"

"न्हाय."

"मग तापल्या इंजिनात गार पाणी कशापायी वतलंस?"

दादा म्हणाले, "गाडीत पेशंट हुता. म्हाताऱ्याची लघवी अडलीती. सरकारी दवाखान्यात पोचवायचा हुता."

"पोचला?"

"पोचला."

"म्हाताऱ्याचं सुटलं आणि आपलं तुंबलं," मामा म्हणाले. तिसरा हसला आणि तंबाखू थुंकायला बाहेर गेला.

मी वही घेऊन बसलो होतो. मी विचारलं, "पाणी नेमकं कसं घातलं?"

"मिळालं तसं घातलं."

"मिळालं तसं म्हणजे?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते भिंतीवरच्या आमच्या नियमांकडं पाहत राहिले, बराच वेळ. मला वाटलं, नजर चुकवतायत. मी वहीत लिहिलं: समाधानकारक खुलासा नाही.

ठराव मांडला गेला: ब्लॉकचं काय ते होईपर्यंत दादांनी गाडी चालवायची नाही. थांबवलेल्या सभासदाला परत घ्यायचं तर सगळ्यांचे हात लागतात, त्याच्या स्वतःच्या हातासकट, असंही आमच्या नियमांत होतं. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध आणून बसवायचं नाही हा त्यामागचा विचार. मामांचा हात लगेच वर गेला. तिसऱ्यानं दारातूनच हात वर केला. वडिलांनी थांबून थांबून केला. मी पेन खाली ठेवलं आणि माझा केला.

त्याच संध्याकाळी मी सूचना लिहून दारावर लावली. "चालकाच्या बेपर्वाईमुळे सामुदायिक मालमत्तेचे गंभीर नुकसान झाले असून मंडळ त्याचा निषेध करीत आहे." नाव लिहिलं नव्हतं. आमच्याकडं नावं लिहायची पद्धत नव्हती, व्यक्तीपेक्षा प्रवृत्तीवर बोट ठेवायचं म्हणून. तीन ड्रायव्हरांत चालक कोण हे कळायला नाव लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. खरं तर सुचलं असावं. वाक्य चांगलं झालं होतं, म्हणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवायला दादा सगळ्यांच्या आधी हजर. गाडी चालवायची नाही असं ठरलं होतं, हात लावायचा नाही असं नव्हतं. साखळीची कप्पी लावून इंजिन वर काढलं, सगळं खोलून ब्लॉक मोकळा केला आणि हातगाडीवर घालून उद्यमनगरात नेला. दादा पुढं, मी मागं. वाटेत मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "खड्डा हाय, धरा." आदल्या दिवसापर्यंत ते मला 'तू' म्हणत.

कोल्हापुरात ओतकाम जाणणारी माणसं पुष्कळ, पण फुटलेला ब्लॉक शिवणारे चाचा एकच, असं मामांनी सांगितलं होतं. सत्तरीचे, पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्यांच्या शेडमध्ये वीज होती, पण ते भोकं पाडायचे हातड्रिलनं. मशीन घाई करतं, असं त्यांचं म्हणणं.

चाचांनी ब्लॉकच्या बाजूची पट्टी काढली आणि आतली भिंत वर येईल असा तो वळवून घेतला. रॉकेलच्या बोळ्यानं ती चोळली आणि आम्हाला चहा पाजला. चहा होईपर्यंत ती भिंत तशीच ठेवली. मग कोरड्या फडक्यानं लख्ख पुसून वर खडूची पूड भुरभुरली.

"आता बगा," ते म्हणाले. "बिडाला लाज न्हाय. विचारलं की सगळं सांगतं."

भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत चढायला लागलं. पांढऱ्यावर एक बारीक काळी रेघ उठली, पुढच्या बाजूनं निघून मागं गेलेली, वीतभर. एवढा वेळ तिथं काहीच दिसत नव्हतं.

"वेल्डिंग?" मी विचारलं.

"बिडाला वेल्डिंग मारलं तर हितं चिकटतं आणि शेजारी फुटतं. सगळा ब्लॉक भट्टीत लाल करून राखंत दोन दिवस निवू दिला तर जमतं, पण मग पिस्टनचे बोअर वाकडे झाले म्हणून पुन्हा रडायचं. टाके घालू." त्यांनी रेघेच्या दोन्ही टोकांना खडूनं टिंब केलं. "पैलं भोक ह्या टोकाला, दुसरं त्या टोकाला. मग मदलं. टोकाला भोक पाडलं न्हाय तर भेग पुढं पळत ऱ्हाती, तुम्ही मागं टाके घालत बसा."

मग चष्मा सरळ करून त्यांनी रेघेवर बोट फिरवलं आणि थांबले.

"कोण म्हणला तापून फुटला?"

"पट्टा तुटला होता," मी म्हणालो.

"असू दे. तापून ह्येड वाकडं झालं असतं, गॅस्केट गेलं असतं. हे गारठून फुटलंय. पंपाचं पाणी जितनं आत येतं, भेग तितनंच सुरू झालीया. इंजिन बंद, आतलं पाणी उडालेलं, आणि एकदम घागरभर गार पाणी. ड्रायव्हर असं वतत न्हाय. ड्रायव्हर चालू इंजिनात तांब्या-तांब्यानं वततो. हे ज्यानं वतलं त्याला इंजिन म्हंजे काय म्हाईत न्हाय." त्यांनी दादांकडं पाहिलं. "तू वतलं न्हाईस."

"न्हाय," दादा म्हणाले.

"मग कुणी?"

दादांनी फडकं उचललं. "चाचा, खडू पुसू का?"

चाचांनी पुन्हा विचारलं नाही. मी मात्र विचारलं, बाहेर आल्यावर, उन्हात, हातगाडीचा दांडा धरून. दादा म्हणाले, "गाडी परत नेऊन द्यायची हाय, तासाची बोली हाय." आणि ढकलायला लागले.

मी दुसऱ्या दिवशी एस.टी.नं त्या गावात गेलो. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्या रस्त्यावरची पुढची-मागची गावं काही वेगळी होती असा माझा समज नाही. स्टॉपवर उतरलो. समोर चहाची टपरी, तिच्या मागं दगडी कठड्याची विहीर. बाकावर दोघं-तिघं.

"कुठलं पावणं?" चहावाल्यानं विचारलं.

"कोल्हापूर."

"आडनाव?"

मी सांगितलं. काही विचार न करता, वेळ सांगावी तसं सांगितलं. चहा कपबशीत आला. मी म्हणालो, आमच्या मंडळाची गाडी मागच्या आठवड्यात इथं बंद पडली होती.

"त्यो म्हातारा पेशंट व्हय? वाचला का वो?"

"वाचला. त्या दिवशी पाणी कुणी घातलं?"

"आमीच की," चहावाला खुशीत म्हणाला. "ड्रायव्हर तुमच्यातला न्हवता."

"आमच्यातला म्हणजे?"

"आता ते काय फोडून सांगायचं. कळशी मागाय आला, मी आडनाव इचारलं, त्येनं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर कुणाला कळणार हुतं? पर सांगितलं न्हाय."

"मग?"

"मग काय, माणुसकी सोडली न्हाय आमी. म्हणलं, तू तिकडं हुबा ऱ्हा. हा आमचा गडी गेला, घागर भरून आणली आणि वतली."

गडी म्हणजे बाकावरचाच एक जण. त्यानं मान हलवली. "त्यो म्हणतुया, थांबा, इंजिन चालू करतो, जरा जरा वता. मी म्हणलं, मला काय दिसभर ह्योच धंदा हाय? वतू का नगो सांग. तर म्हणतुया, घागर द्या हिकडं, मी वततो. आता घागर कशी देणार?"

"आणि मग?"

"गप झाला. आत म्हातारं वरडत हुतं. म्हणला, वता. मी वतली. आतनं टक् करून आवाज आला."

"आमास्नी वाटलं टोपाण बसलं," चहावाला म्हणाला.

मी उभा राहिलो. लहानपणापासून जे वाचत आलो ते सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं, क्रमानं. धिक्कार, मागणी, आवाहन. बोलताना मला माझा आवाज चांगला वाटत होता, हे मला आठवतं आणि आजही शरम वाटते. त्यांनी मधे तोडलं नाही. चौकातली सभा ऐकावी तसे ते ऐकत राहिले. मी थांबलो तेव्हा गड्यानं विचारलं, "कंच्या पक्षाचं?"

"पावणं, च्या गार झाला," चहावाला म्हणाला. "दुसरा देऊ?"

परतीच्या एस.टी.त मी वहीच्या मागच्या पानावर पत्रक लिहून काढलं. एकही खाडाखोड नाही. तसाच कळंब्याला गेलो. दादांचं घर दोन खोल्यांचं, दारात तुळतुळीत झाडलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. वहिनींनी पाणी दिलं. दादा अंगणात बाजेवर बसून मुलीच्या चपलेला खिळा मारत होते. मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी हातोडी बाजूला ठेवून ती वाचली, बोट ठेवून, सावकाश.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले.

"उद्या छापायला टाकतो. सगळ्या तालुक्यात वाटू. त्या गावात भिंतीवर लावू."

"नको."

"का?"

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "हितं 'एका दलित चालकाला' असं हाय. परवाच्या कागदात 'चालकाची बेपर्वाई' हुती. दोन्ही कागद तुम्हीच लिवलं. मला इचारून एक बी न्हाय."

मी म्हणालो, "मी बैठकीत विचारलं होतं की. तुम्ही का नाही सांगितलं?"

"आठवं कलम."

हे सांगितलं पाहिजे. आमच्या नियमांतलं आठवं कलम माझ्या सगळ्यांत आवडीचं होतं. "मंडळाच्या बैठकीत कोणीही कोणाची जात विचारणार नाही, आपली सांगणार नाही, व जातीवरून कोणतेही कारण वा तक्रार मांडली जाणार नाही." ते मी लिहिलं तेव्हा वडिलांनी मला जवळ घेतलं होतं. शेवटचा तुकडा मामांसाठी होता. ते कुणावरही चिडले की जातीवर जात. त्यांचं तोंड बंद करायला मी तो घातला. तो दुसऱ्या कुणाचं तोंड बंद करील हे आम्हा पाचांत चौघांच्या डोक्यात आलं नाही. पाचव्याच्या आलं असेल तर त्याला आम्ही विचारलं नव्हतं.

"तुम्ही लिवलं तवा मला आवडलं हुतं," दादा म्हणाले. "वाटलं, एक खोली तर झाली, जितं हे बोलावं लागणार न्हाय. मग बोलायची येळ आली, तर कळलं बोलताच येत न्हाय. मामा म्हणणार, आला लगीच जातीवर. तुम्ही म्हणणार, कलम वाचा."

"पण आडनाव का सांगितलंत त्या लोकांना?"

वहिनी आतून म्हणाल्या, "मी बी त्येच म्हणलं. कायबी सांगायचं. पाटील सांगायचं."

"माझ्या बापानं धर्म बदलला," दादा म्हणाले, "त्यो काय पाटील सांगाय बदलला?"

मी ते पान फाडलं नाही. पण छापलंही नाही. जुळवायला दिलं असतं तर वडिलांनी एका तासात उभं केलं असतं, एवढं ते त्यांच्या मनासारखं होतं.

चाचांना टाके घालायला नऊ दिवस लागले. आधी दोन्ही टोकांची भोकं. मग रेघेवर एक भोक, त्यात आटे पाडायचे, तांब्याचा स्क्रू घट्ट पिळायचा, वरचा भाग कापायचा. पुढचं भोक असं पाडायचं की ते आधीच्या स्क्रूचा कडेचा थोडा भाग खाईल. म्हणजे प्रत्येक टाका शेजारच्याला धरून ठेवतो. शेवटी हातोडीच्या गोल डोक्यानं सगळी ओळ बारीक बारीक ठोकून काढायची. दादा रोज जायचे. चाचा त्यांना एक-दोन स्क्रू पिळायला द्यायचे. मी गेलो की दोघं गप्प व्हायचे, म्हणून मी जाणं कमी केलं. नवव्या दिवशी ब्लॉकची तोंडं बंद करून आत दाबानं पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी खाली टाकलेलं वर्तमानपत्र कोरडं होतं.

"किती दिवस चालेल?" मी चाचांना विचारलं.

"ब्लॉक? तुमच्यापरीस जास्त," चाचा म्हणाले.

त्या रविवारी बैठकीत मी सगळं सांगितलं. दादांना आधी विचारून. ते म्हणाले होते, सांगा, पण जे झालं तेवढंच सांगा, वरचं काय घालू नका. मी पहिल्यांदाच बिनविशेषणांचं बोललो. खोलीत रबराचा वास आणि बाहेर दुकानातल्या हवेच्या पंपाचा आवाज. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला सांगायचं न्हाय व्हय रं?" ते दादांना म्हणाले. आवाज चढलेला होता, पण तो रागाचा नव्हता. "मी गेलो असतो त्या गावात. एकेकाला..."

"काय केलं असतंस मामा?" दादा म्हणाले. "त्याच हिरीचं पाणी धा वेळा घेतलंस की तू. कवा इचारलंस, हे कुणाला मिळतंय आन् कुणाला न्हाय?"

मामा टोपीची घडी घालत बसले.

वडील म्हणाले, "आपलं चुकलं. आपण घाई केली. पण तत्त्व म्हणून आठवं कलम बरोबरच होतं."

मी माझ्या वडिलांवर त्या खोलीत चिडलो, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हणालो की तत्त्व बरोबर असेल तर ते घरी नेऊन फळीवर ठेवा, पत्रकांबरोबर. मला आता वाटतं, ते मी माझ्याशी बोलत होतो, पण ऐकून घ्यायला समोर वडील होते, आणि ते म्हातारे होत चालले होते.

मी ठराव मांडला: आठवं कलम रद्द, निषेधाची सूचना मागे, दादा सन्मानानं परत. मी माझा हात वर केला. मामांनी केला. तिसऱ्यानं केला, त्या दिवशी त्याच्या तोंडात तंबाखू नव्हती. वडिलांनी केला. आम्ही चौघं हात वर करून दादांकडं पाहत राहिलो. ते मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.

"माझा न्हाय," ते म्हणाले.

"अरे, सूचना काढून टाकली," मामा म्हणाले. "आता काय पाया पडू?"

"नगो. राग न्हाय मला. एका मालकाकडं ट्रक बघितलाय. सोमवारपासनं."

"मालकाकडं?" वडील म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून असा आला जणू दादा तुरुंगात निघाले होते.

"व्हय. मालक शिव्या देतो म्हणत्यात. देऊ दे. शिवी दिली की मी बी बोलू शकतो. हितं समद्यांनी हात वर केला की मला बोलायला जागा न्हाय." ते उठले. "त्या दिशी इचारायचं हुतं. एकानं जरी बाहेर नेऊन इचारलं असतं, काय झालं रं म्हणून, तर सांगितलं असतं."

ते गेल्यावरही आमचे हात थोडा वेळ वर होते. खाली कधी घ्यायचे ते कुणाला कळेना.

वडिलांनी पुन्हा एकदा कळंब्याला जाऊन पाहिलं, मामांनी दोनदा. दादांनी चहा पाजून परत पाठवलं. नंतर ट्रक लांबच्या फेऱ्यांवर जायला लागला आणि भेटी थांबल्या. वाटेत कधी समोरून आले की ते हॉर्न द्यायचे. मामा म्हणायचे, बघा, राग नाही त्याला. मला तो हॉर्न ऐकवत नसे.

दादांची पाळी चालवायला दुसरा माणूस मिळेना. नवा सभासद घ्यायचा म्हटलं की वडील नियमांचा कागद काढायचे आणि समोरचा माणूस वाचता वाचता उठून जायचा. शेवटी मी गाडी शिकलो. मामांनी शिकवलं, शिव्या देत. ब्लॉक उत्तम चालत होता. ऑइल पुन्हा काळं. चिटणीसपद मी सोडलं. पत्रकं लिहिणंही बरेच महिने जमलं नाही. पहिलं वाक्य लिहिलं की वाटायचं, हे कुणाला विचारलंय का.

पुढच्या उन्हाळ्यात राधानगरीकडून येताना रेडिएटरचा खालचा पाइप ठिबकायला लागला. तापमानाचा काटा चढत होता. पुढचं गाव तेच. पुढं रेटता येईल का, याचा मी हिशेब केला, येणार नव्हतं. गाडीत सहा माणसं होती, त्यांतली एक बाळंतीण, पोरगं घेऊन माहेराहून निघालेली. मी टपरीसमोर थांबलो, बोनेट उघडलं, पाइपाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली आणि इंजिन निवायची वाट पाहत बसलो. चहावाल्यानं मला ओळखलं.

"भाषणवालं पावणं की," तो म्हणाला. काहीही मागितलं नसताना आत गेला, कळशी घेऊन आला आणि माझ्या हातात दिली. "घ्या, हीर तुमचीच हाय."

ती कळशी परत द्यायला हवी होती. काय बोलायचं ते मला पाठ होतं. मागं बाळंतिणीचं पोरगं उन्हानं रडत होतं, आणि बाई पदरानं त्याला वारा घालत माझ्याकडं पाहत होती.

मी विहिरीवर गेलो, कळशी भरली, इंजिन चालू केलं आणि तांब्या-तांब्यानं पाणी घातलं.